साध्या गाठींच्या चौदा पेट्या

प्रिय मॅडम,

तुम्ही असताना तुम्हाला 'प्रिय' म्हणायची माझी हिंमत झाली नसती. बावीस वर्षं नुसतं 'मॅडम' म्हटलं, तेही बहुतेक वेळा दारात उभं राहून, हातात ट्रे घेऊन. तुम्हाला जाऊन आता आठ महिने झाले. आज पहिल्यांदा तुमच्याशी बसून बोलते आहे.

आज सकाळी सोनपेठच्या कौसल्याबाई लॅबमध्ये येऊन गेल्या. तुम्हाला नाव आठवणार नाही. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांची गर्भाची पिशवी काढली होती आणि ती तपासायला आपल्याकडे आली होती. त्या गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन बसले. हे सगळं तुम्हाला सांगायला पाहिजे असं वाटलं, आणि त्यांच्याविषयी सांगायचं तर त्याआधी माझ्याविषयी सांगावं लागतं. सहा वर्षं ते मी पोटात ठेवलंय.

मॅडम, त्या चौदा पेट्या पावसानं खराब झाल्या नव्हत्या. मी टाकल्या होत्या.

लिहिलं एकदाचं!

आता पहिल्यापासून सांगते.

पेडगावहून मी तुमच्याकडे पहिल्या दिवशी आले तेव्हा सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. तुम्ही ते पाहिलंसुद्धा नाही. एक कोरी काच पुढे केलीत, हिऱ्याच्या टोकाची पेन्सिल दिलीत आणि म्हणालात, "नाव कोर. शांताबाई." मी जीव ओतून वळणदार अक्षरात 'शांताबाई' कोरलं. तुम्ही काच उजेडात धरलीत. "छान अक्षर आहे. परभणी जिल्ह्यात शांताबाई किती असतील गं?" मी काचेकडे पाहिलं. "नंबर आणि वर्ष आधी. नाव नंतर. अक्षर कसंही चालेल." मग स्वतःच हसलात. त्या दिवशीपासून मी कोरलेला नंबर कधी चुकला नाही. एवढी एक गोष्ट तरी मान वर करून सांगू शकते.

तुमच्यासारखी माणसं मी फार पाहिली नाहीत. डॉक्टर लोक रिपोर्ट लिहितात आणि पाकिटात घालून देतात. तुम्ही उठून बाहेर व्हरांड्यात जायचात. बाकावर बसलेल्या बाईच्या शेजारी बसायचात आणि तिच्या बोलीत बोलायचात, "मावशी, गाठ साधी हाय. घाबरायचं न्हाई. पर सा महिन्याला दाखवायचं, इसरायचं न्हाई." आत येऊन मला मात्र शुद्ध मराठीत रागवायचात! एकदा मी विचारलं होतं, मॅडम, तुम्ही दोन्ही कसं बोलता? तुम्ही म्हणालात, "एक आईची आहे, एक शाळेतली आहे. रिपोर्ट आईला कळला पाहिजे."

मानवतजवळच्या खेड्यातून, शाळामास्तरांच्या घरातून, तुम्ही मेडिकलला कशा गेलात, हे मला तुमच्या तोंडून कधीच कळलं नाही. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या थोरल्या बहिणीनं, सुमनताईंनी सांगितलं. वंदना झाली, लोक एकेक करून बोलायला उठले, आणि सुमनताईंनी माइक हातात न घेताच सांगितलं की ही लहानपणी मेलेल्या टोळाचा पंख काचेच्या बांगडीच्या तुकड्याखाली ठेवून बघत बसायची. सगळे हसले. मी रडले. बावीस वर्षं शेजारी काम करून मला टोळ माहीत नव्हता!

काचांचं तुमचं वेड मात्र मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मागची खोली लाकडी पेट्यांनी भरलेली. प्रत्येक पेटीत उभ्या खाचा, प्रत्येक खाचेत एक रंगवलेली काच, पेटीवर वर्ष. नियमात सांगितलेली वर्षं उलटली की बाकीच्या लॅबा मोकळ्या होतात. आपण कधी मोकळे झालोच नाही. मी दर दिवाळीच्या सफाईला विचारायची, "मॅडम, यांचं काय करायचं?" तुम्ही दर वेळी म्हणायचात, "पुसून परत ठेवायचं."

एकदा मी हट्टालाच पेटले. म्हटलं, कॅन्सरच्या ठेवा ना, कोण नको म्हणतंय? पण या साध्या गाठींच्या काचा कशाला? चरबीच्या गाठी, पिशवीतल्या गाठी, अपेंडिक्स. त्या बायका, ती माणसं केव्हाच विसरून कामाला लागली असतील.

तुम्ही मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणालात, "साधी आहे असं कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की."

"मी सांगितलं. मी चुकले असले तर?"

मला वाटलं, मोठी माणसं असं म्हणतच असतात. ते तोंडदेखलं नव्हतं, हे मानवतच्या गुरुजींच्या वेळी कळलं.

आठवतं ना? गुरुजींच्या मानेतली गाठ तुम्ही क्षयाची म्हणून रिपोर्ट केली होती. गोळ्या सुरू झाल्या. तीन-चार महिन्यांनी त्यांचे डॉक्टर कुठल्यातरी दुसऱ्याच कामासाठी आले आणि बोलता बोलता म्हणाले की गुरुजींना म्हणावा तसा गुण नाही. त्यांनी तक्रार केली नव्हती. तुम्ही मात्र चहा तसाच ठेवून उठलात. "रेखा, गुरुजींची काच काढ." काच पाहिलीत. मग म्हणालात ब्लॉक काढ, मेणातल्या तुकड्याचे अजून खोलवरचे काप घे. मी घेतले, रंगवले. तुम्ही पाहिलंत आणि खुर्ची मागे सरकवलीत. क्षय नव्हता. लसिकाग्रंथींचा कॅन्सर होता, औषधाला दाद देणारा.

मी म्हटलं, "मॅडम, नवा रिपोर्ट करू या. त्यांना म्हणू की परत तपासलं तेव्हा दिसलं."

"परत तपासलं म्हणजे काय? पहिल्यांदा चुकलं म्हणून परत तपासलं."

आणि तुम्ही एसटीनं मानवतला गेलात. मला बरोबर घेतलंत. गुरुजींच्या ओसरीवर त्यांच्या बायकोसमोर तुम्ही म्हणालात, "गुरुजी, माझी चूक झाली. चार महिने वाया गेले. आता एक दिवससुद्धा वाया घालवायचा नाही." ते बिचारे तुम्हालाच पाणी द्यायला उठले! गुरुजी आजही चौकात भेटतात. सायकलवरून उतरून तुमची आठवण काढतात.

परतीच्या एसटीत मी म्हटलं होतं, "कुणाला कळलं नसतं मॅडम." तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "काच नसती तर मलाही कळलं नसतं." जुन्या काचा लोक का टाकतात, याचं खरं कारण मला त्या दिवशी उमगलं. जागा नसते हे खरंच आहे. पण जुनी काच हा आपल्या चुकीचा पुरावाही असतो, आणि तो आपल्याच कपाटात कोण सांभाळून ठेवतं? तुम्ही ठेवत होतात.

हे सगळं डोळ्यांनी पाहिलेली मी. तरी मी ते केलं.

सहा वर्षांपूर्वी तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशनला महिनाभर बाहेर गेला होतात. जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिलात. "सगळी जिम्मेदारी तुझी." मला किती अभिमान वाटला होता! रक्त तपासायचं नवं मशीन त्याच महिन्यात येणार होतं. तुम्हीच मागवलेलं. कंपनीचा माणूस जागा बघायला आला आणि म्हणाला, मागची भिंत मोकळी करून द्या, सोमवारी बसवतो. मागच्या भिंतीला पेट्या. मी तुम्हाला फोन करायला पाहिजे होता. केला नाही. मला तुम्हाला दाखवायचं होतं की माझं कुठं काही अडत नाही आणि तुमच्यावाचूनही मी निभावू शकते. पेट्यांवरची वर्षं पाहिली, नियमाची मुदत केव्हाच संपलेली. त्यातल्या कॅन्सरच्या पेट्या बाजूला काढल्या. उरलेल्या साध्या गाठींच्या चौदा पेट्या जैविक कचऱ्याच्या गाडीत रवाना केल्या. अर्ध्या तासाचं काम. हात झटकले आणि खरं सांगू? मोकळी भिंत बघून मला बरं वाटलं.

तुम्ही काठी टेकत परत आलात. मशीन पाहिलंत, खूश झालात. मग विचारलंत, "इथल्या पेट्या?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. "पाऊस आत आला मॅडम. काचा एकमेकींना चिकटल्या, नंबर गेले. टाकाव्या लागल्या."

"सगळ्याच?"

"हो."

तुम्ही भिंतीकडे पाहिलंत. वरपासून खालपर्यंत. भिंतीवर ओलीचा एक डाग नव्हता. मीही त्याच क्षणी ते पाहिलं. वाटलं, आता रागवतील, आता किल्ल्या मागतील. तुम्ही एवढंच म्हणालात, "जेवलीस का?"

मॅडम, का विचारलंत असं? रागवायचं होतं! चार लोकांसमोर बोलायचं होतं. मी तेव्हाच रडून मोकळी झाले असते. तुमचं हे एक वागणं मला अजून पटलेलं नाही, आणि आज तुम्ही गेल्यावरही माझी तुमच्यावर एवढी एक तक्रार आहे.

दुसऱ्या रविवारी तुम्ही ऑटो बोलावलात आणि जुने ब्लॉक पत्र्याच्या डब्यांत भरून घरी नेलेत. म्हणालात, "इथं जागा नाही, घरी ठेवते." मला ते खरं वाटलं. वाटून घ्यायचं होतं म्हणून वाटलं असेल.

तुम्ही दवाखान्यात होतात त्या शेवटच्या आठवड्यात मी सांगायचंच ठरवून आले होते. वाक्य पाठ करून आले होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "लॅब उघडलीस?" मी म्हटलं, "हो मॅडम." तुम्ही डोळे मिटलेत. पाठ केलेलं वाक्य घेऊन मी परत आले.

आता कौसल्याबाईंचं.

दोन महिन्यांपूर्वी एक मुलगी आली. तिशीच्या आतली, पदर घट्ट खोचलेला, काखेत एक्सरेचं मोठं पाकीट. आत येऊन इकडेतिकडे बघत म्हणाली, "खंदारे मॅडम हायत का?"

"मॅडम वारल्या. सहा महिने झाले. तुमचं काय काम होतं?"

ती बाकावर बसूनच गेली. "आता कुणाला इचारू मी?"

ती सविता. कौसल्याबाईंची थोरली. पाणी दिल्यावर तिनं सगळं सांगितलं. आईचा खोकला जाईना म्हणून छातीचा फोटो काढला, तर दोन्ही फुप्फुसांत गोल गोल गाठी. पाच-सहा. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. सुई घालून तुकडा काढला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कशाचं ऑपरेशन झालंय का? पिशवी काढली म्हटल्यावर ते म्हणाले, ती जिथं तपासली तिथून जुनी काच नाहीतर ब्लॉक आणा.

"माय लय घाबरलीय. जेवायली न्हाई, बोलायली न्हाई. डॉक्टर म्हनायलेत, तवाची गाठ कॅन्सरची असली तर आता ती पसरली, मग ती सलाईनची औषधं लावावी लागतील. अन् तवाची साधी असली तर सगळंच येगळं हाय म्हनायलेत."

"जुन्या रिपोर्टात काय लिहिलंय?"

तिनं कागद काढला. चार घड्या पडलेला, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. खाली तुमची सही. 'गर्भाशयातील स्नायूची साधी गाठ.'

"मग साधीच लिहिलीय की."

"मीबी तेच म्हनले! तर ते म्हनले, कागुद चालायचा न्हाई, मला डोळ्यानं बघायचंय. तवा नजरेतून काई राहिलं असलं तर?"

मला गुरुजींची ओसरी आठवली. ते डॉक्टर बरोबरच बोलत होते. तुम्हीही तेच म्हणाला असता.

मग मी कागदावरचा नंबर वाचला. वर्ष वाचलं. आणि मॅडम, नंबर परत एकदा वाचला. ती काच मीच कापली होती, मीच रंगवली होती, नंबर माझ्या हातानं कोरलेला होता. आणि ती त्या चौदा पेट्यांतली होती.

"बघते," म्हणून मी आत गेले. मशीनसमोर उभी राहिले. मशीन आपलं काम करत होतं.

तुमच्यानंतर लॅब चालवणारे नवे सर तिथंच होते. तरुण आहेत, हुशार आहेत, मनानं चांगले आहेत. त्यांना सांगितलं की एकोणीस वर्षांपूर्वीची काच मागायला आलेत. ते म्हणाले, "एवढी जुनी कोण ठेवतं? मुदत संपलीय, नाही म्हणून सांगा. आपली काही चूक नाही." कायद्यानं त्यांचं खरं होतं. मीही तेच सांगू शकले असते. बाहेर जाऊन, आमच्या मॅडमच्या वेळी पाऊस आत आला होता हो, असंही सांगू शकले असते. तयार होतं ते वाक्य. सहा वर्षं जुनं.

बाहेर आले. सविता उठून उभी राहिली. तिच्याकडे बघून ते वाक्य काही तोंडातून निघेना. मी म्हटलं, "काच न्हाई. पर ब्लॉक असंल. मला उद्यापर्यंत वेळ दे."

"बिलाक म्हंजी?"

"गाठीचा तुकडा मेणात बसवून वडी करतो आमी. त्या वडीचा पातळ काप काचेवर घेतो. काच गेली तरी वडी असली की नवा काप घेता येतो."

"एवढ्या वर्सांनी?"

"एवढ्या वर्सांनी."

तुमच्या घरी गेले. सुमनताईंनी दार उघडलं. मी विचारलं, मॅडमनी आणलेले डबे आहेत का, की टाकले? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "टाकीन कशी? ये, बघ."

तुमच्या झोपायच्या खोलीत कूलर नव्हता. कूलर मागच्या लहान खोलीत होता. तिथं पलंगाखाली तीन ट्रंका आणि फळीवर बिस्किटांचे डबे, प्रत्येकावर तुमच्या हातानं वर्ष लिहिलेलं. सुमनताई म्हणाल्या, "उन्हाळ्यात मेण मऊ पडतं म्हणून कूलर यांना. आम्ही दोघी बहिणी पंख्याखाली. मी किती भांडले! तर म्हणायची, आक्का, आपल्याला घाम पुसता येतो." आणि मॅडम, या उन्हाळ्यातही त्यांनी तो कूलर त्या खोलीत चालवला. तुम्ही नसताना. परभणीच्या उन्हाळ्यात सत्तरी ओलांडलेली बाई पंख्याखाली झोपली आणि कूलर तुमच्या डब्यांना!

ट्रंका उघडून बसले. दुसऱ्या ट्रंकेत ते वर्ष सापडलं. डब्यात ओळीनं वड्या, प्रत्येकीला नंबराची कागदी पट्टी. एकेका नंबरावरून बोट फिरवत गेले. सापडली. पिवळसर मेण, मध्ये नखाएवढा करडा तुकडा. मी ती मुठीत धरून तिथंच फरशीवर बसले आणि सुमनताईंना सगळं सांगून टाकलं. पेट्या, गाडी, पाऊस, भिंत.

त्या माझ्याशेजारी पलंगावर टेकल्या. मग म्हणाल्या, "तिला माहीत होतं गं."

"मला वाटलंच होतं."

"डबे घरी आणले त्या दिवशी मी विचारलं, हे काय आणि कशाला? तर म्हणाली, 'लॅबमध्ये जागा कमी पडायलीय. रेखा दर वर्षी विचारत होती, मी दर वर्षी हसण्यावारी नेलं. तिला जागा करून दिली असती तर तिच्यावर ही वेळ आली नसती.' मी म्हटलं, मग बोल तिला. तर म्हणाली, 'तिचं तोंड बघितलं मी. ती यापुढे एक काच टाकणार नाही. आणखी काय बोलू?'"

माझ्यावर एवढा भरवसा? ज्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले त्याच दिवशी? मॅडम, मी तुम्हाला हुशार मानत होते, कष्टाळू मानत होते, कडक मानत होते. तुम्ही इतक्या मोठ्या होतात हे मला तुमच्या माघारी, ट्रंकेपाशी बसून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी ब्लॉक काप घ्यायच्या मशीनला लावला. एकोणीस वर्षांनी तीच वडी, तेच हात. पहिला काप फाटला. दुसरा फाटला. जुनं मेण ठिसूळ झालं होतं. मग तुम्ही शिकवलं होतं तसं ब्लॉक बर्फावर ठेवला, श्वास रोखला आणि हळू चाक फिरवलं. तिसरा काप अखंड आला. कोमट पाण्यावर तरंगत उलगडला. काचेवर घेतला, रंगवला, आणि नवीन सरांच्या पुढे ठेवला.

सर खूप वेळ बघत होते. एक कोपरा, दुसरा कोपरा, परत पहिला. सविता दाराशी उभी. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. शेवटी सर म्हणाले, "साधी आहे. खंदारे मॅडम बरोबर होत्या. कुठंही काही नाही, अगदी साधी आहे."

मग मला विचारलं, "रेखाताई, ब्लॉक होता, मग मूळ काच कुठं गेली?"

सविता समोर होती. तरी सांगितलं. सगळं. सर म्हणाले, "मीही टाकल्याच असत्या. फक्त सांगून टाकल्या असत्या." लागलं मला ते. लागायलाच पाहिजे होतं. सवितानं काचेची डबी माझ्या हातातून दोन्ही हातांनी घेतली आणि पिशवीत न ठेवता पोटाशी धरून गेली.

संभाजीनगरला त्यांनी जुना तुकडा आणि फुप्फुसातला तुकडा शेजारी ठेवून तपासला. आणखी काही तपासण्या केल्या. निकाल असा आला की दोन्ही एकच. पिशवीतली ती साधी गाठच क्वचित रक्तातून फुप्फुसात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. कॅन्सर नाही. ती सलाईनची औषधं नकोत. गोळ्या द्यायच्या आणि सहा महिन्यांनी फोटो काढून लक्ष ठेवायचं. जुना तुकडा नसता तर काय झालं असतं? ते डॉक्टर सविताला म्हणाले, "अंदाजावर चाललो असतो." मी तो शब्द अजून चघळते आहे. अंदाजावर एका बाईचे केस गेले असते, अंगातली ताकद गेली असती, खर्चापायी शेत गेलं असतं.

आणि आज सकाळी कौसल्याबाई स्वतः आल्या. बारीक अंगाच्या, कपाळावर ठळक कुंकू, हातात शेतातल्या तुरीची डाळ. तुमच्या फोटोपुढे डाळ ठेवली. मग मला म्हणाल्या, "बाई, ते माजं काय व्हतं ते मला बगू दे की."

सवितानं परत आणलेली ती नवी काच मी मायक्रोस्कोपखाली ठेवली. त्यांना स्टुलावर बसवलं. आधी दोन्ही डोळे घट्ट मिटून वाकल्या. सविता हसली, "माय, डोळे उघड की!" मग दिसलं त्यांना. बराच वेळ हलल्याच नाहीत.

"हे माजं हाय?"

"हाव. तुमचंच."

"गुलाबी हाय गं. लुगड्यावानी इणलंय." मग डोळा न काढताच म्हणाल्या, "एवढुशा तुकड्यापायी मी दोन महिने मरायले व्हते. अन् ह्यानंच वाचिवलं." सरांना दाराशी बघून त्यांनी विचारलं, "डाक्टर, आता हे किती दिस ठिवता तुमी?"

मी सरांकडे पाहिलं. मागच्या महिन्यात त्यांनीच मला जुन्या मालाची यादी करायला सांगितली होती, काय ठेवायचं, काय काढायचं. सर म्हणाले, "मावशी, तुम्ही आहात तोवर."

त्या गेल्यावर आम्ही दोघं बसलो. सर म्हणाले, सगळंच कायम ठेवणं कुठल्याच लॅबला जमणार नाही, आणि ते खरं आहे. तुम्हालाही जमलं नाही मॅडम, म्हणून तर कूलर गेला तुमचा! पण आम्ही असं ठरवलं की वड्या ठेवायच्याच. त्यांना जागा कमी लागते. साध्या गाठींच्या काचा मुदत संपल्यावर नुसत्या टाकायच्या नाहीत. आधी पेशंटला कळवायचं, हवी असेल तर त्याची काच त्याच्या हातात द्यायची. आणि वड्यांसाठी वरच्या मजल्यावरची उत्तरेची खोली मोकळी करायची. सुमनताईंना त्यांचा कूलर परत मिळेल.

आता माझं. रविवारपासून मी तुमच्या ट्रंका उघडून बसणार आहे. टाकलेल्या चौदा पेट्यांची रजिस्टरं लॅबमध्ये आहेत. त्यातलं एकेक नाव घेऊन त्याची वडी आहे की नाही ते मी लावून बघणार. सुमनताई म्हणाल्या, मी नंबर वाचते, तू डबे बघ. किती महिने लागतील, माहीत नाही. बहुतेक सापडतील, कारण तुम्ही नेल्यात. काही सापडणार नाहीत. उद्या त्यांच्यातलं कुणी दारात आलं, तर मी व्हरांड्यात जाईन, बाकावर त्यांच्या शेजारी बसेन, आणि त्यांच्या बोलीत सांगेन की तुमची काच पावसानं न्हाई गेली, मी टाकली. हे मी तुम्हाला वचन देते.

तुमची,
रेखा